पोथींतील हरताळ आणि पडद्यावरील रंग

‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. त्याचें नातें पोथी लिहिणाऱ्याच्या दौतीशीं आहे. हस्तलिखितांत एखादें अक्षर चुकलें, तर लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई. उलट, ‘उवाच’ सारखे शब्द आणि अध्यायाची समाप्ति गेरूच्या तांबड्या रंगानें उठून दिसे. एक रंग अक्षर झांकी, दुसरा तें दाखवी. दोन्ही खुणा मात्र लेखन झाल्यावर होत आणि कायम राहत.

संगणकाच्या पडद्यानें हा क्रम उलटा केला. तेथें रंग आधीं येतो, दुरुस्ती मागाहून. पण ही रीत सहज सांपडली नाहीं. कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रांत १९७४ सालीं बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘ब्राव्हो’ नांवाची संपादनाची आज्ञावली रचली. निवडलेल्या मजकुराखालीं तींत रेघ उमटे. परंतु एकच कळ कधीं अक्षर लिही, तर कधीं हुकूम सोडी. हुकुमाच्या अवस्थेंत कोणी नकळत ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द लिहूं गेला, तर ‘ई’ नें सारा मजकूर निवडला जाई, ‘डी’ नें तो पुसला जाई, ‘आय’ नें नवें लेखन सुरू होई आणि पानावर एकटा ‘टी’ उरे!

लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं १९७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ या आज्ञावलींत हा घोटाळा दूर केला. माऊस ओढून मजकूर निवडावा, मगच तो कापावा वा चिकटवावा. अक्षराची कळ दाबल्यास अक्षरच उमटावें. पुढें १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर निवडलेला मजकूर काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत दिसूं लागला.

या खुणेचें मोल आपल्याकडील उदाहरणानें कळेल. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. समजा, एखाद्या लेखनिकाला जुनी यादी दुरुस्त करावयाची आहे. तिरोड्यापुढील ‘भंडारा’ जाऊन तेथें ‘गोंदिया’ आलें पाहिजे. साकोलीपुढील ‘भंडारा’ मात्र तसाच राहिला पाहिजे. दोन्ही शब्द अक्षरशः सारखे. भलताच निवडला, तर एक तालुका कागदोपत्रीं परक्या जिल्ह्यांत जाईल. कळ दाबण्यापूर्वीं रंग कोणत्या ओळीवर पडला आहे, एवढें पाहिलें कीं तें टळतें. हरताळ झालेली चूक झांकीत असे; हा रंग होऊं घातलेली चूक दाखवितो.