सात वाजताची शाळा

परवा पहाटे साडेपाचला नातीला उठवताना सूनबाई अगदी मेटाकुटीला आली होती. नात नववीत, शाळा सातची. "आजोबा, माझे डोळेच उघडत नाहीत हो," ती म्हणाली आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

मंडळी, मी बोरिवलीच्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. सकाळच्या सत्रात, पहिल्या तासाला तो मुलगा हमखास पेंगायचा. तोही नववीतलाच. "रात्री काय दिवे लावत होतास?" असं म्हणून मी त्याला बाकावर उभं करायचो. एकदा नाही, अनेकदा.

खरं तर मी इतिहासाचा शिक्षक. मुंबईतली एक जुनी गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती.

१ जानेवारी १९०६ रोजी सरकारने भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. तोपर्यंत मुंबईला स्वतःची, इथल्या सूर्याप्रमाणे चालणारी वेळ होती. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. प्रमाणवेळ मात्र ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणजे घड्याळाचे काटे ३९ मिनिटं पुढे सरकले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, गिरण्यांवर दगड पडले. नव्या घड्याळाने भोंगा वाजला, तर सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठणं आलं! महापालिकेने तर पुढे कित्येक वर्षं मुंबईचीच वेळ पाळली. माझे वडील लालबागला गिरणीत होते. "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?" असं त्यांच्या लहानपणी विचारावं लागे, असं ते सांगत.

तेव्हा त्या कामगारांना जे अंगाने कळत होतं, ते आज शास्त्र सांगतं. आपल्या मेंदूत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो आपली वेळ लावून घेतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि रात्र झाल्याचं शरीराला समजतं. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आणि मुलं वयात येताना हेच घड्याळ उशिरा चालू लागतं. दहाला दिवा मालवला तरी झोप लवकर लागत नाही. तो आळस नव्हे, वयाचा धर्म आहे.

त्यात आपली सातची शाळा म्हणजे मुंबईच्या जुन्या वेळेने ६ वाजून २१ मिनिटं!

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हेच कारण. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं, ती आठवी-नववीची मुलं त्यात नाहीत.

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीला आला असेल. तो आळशी नव्हता, हे समजायला मला निवृत्तीनंतरही बरीच वर्षं लागली. कुठे भेटला तर त्याला हे सांगायचं आहे.

असो. नातीला रविवारी कोणी हाक मारायची नाही, एवढं मात्र मी घरात बजावून ठेवलं आहे.