रागावणारा कवी आणि रडणारा कवी

आमच्या घराच्या मागच्या बाजूला शाळा आहे. सकाळी चहा घेत ओट्यावर बसलं की तिथली प्रार्थना ऐकू येते. साने गुरुजींची प्रार्थना. जगाला प्रेम द्यावं, जे हीन आहेत, पतित आहेत त्यांना हात द्यावा, असं सांगणारी. तुम्हा सगळ्यांना ती पाठ असणार. मीही नोकरीची सगळी वर्षं मुलांसमोर उभी राहून, डोळे मिटून ती म्हटली. इतक्या वेळा म्हटली की पुढेपुढे शब्द नुसते जिभेवरून जायचे.

हे आज लिहायला बसले त्याला कारण माझा भाचा. त्याने एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. "मावशी, तुला इतिहास आवडतो ना, मग हे वाच." हिब्रू कवी ब्यालिकच्या कवितांचं भाषांतर होतं ते. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, त्यामुळे इंग्रजी कविता म्हणजे मांडीवर डिक्शनरी आणि हातात पेन्सिल. दोन महिने लागले. पण वाचता वाचता मी किशिनेव्हहून निघाले ती थेट आपल्या डहाणूला येऊन पोचले. ते कसं, ते सांगते.

हायिम नाहमान ब्यालिकचा जन्म १८७३ चा, आजच्या युक्रेनमधल्या झितोमीरजवळच्या खेड्यातला. सात वर्षांचा असताना वडील गेले, मग कडक शिस्तीच्या आजोबांनी वाढवलं. हिब्रू तेव्हा पोथीची आणि प्रार्थनेची भाषा होती. बाजारात, घरात ती कोणी बोलत नसे. आपल्याकडे संस्कृत असते ना, साधारण तसंच म्हणा. त्या भाषेत हा माणूस आजची कविता लिहू लागला, आणि जगभर विखुरलेल्या ज्यूंना वाटू लागलं की हा आपल्या मनातलं बोलतोय. ज्यांना देश नव्हता त्यांना आधी राष्ट्रकवी मिळाला!

१९०३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सणात, रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात (आता ते मोल्दोव्हाची राजधानी आहे) ज्यूंची कत्तल झाली. एकोणपन्नास माणसं मेली, शेकडो जखमी झाली, बायकांवर अत्याचार झाले, घरं-दुकानं लुटली गेली. सुरुवात झाली एका अफवेपासून. जवळच्या गावात एक मुलगा मेलेला सापडला होता. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचं रक्त काढलं, अशी आवई उठली आणि एका वर्तमानपत्राने ती जोरात पसरवली. प्रत्यक्षात त्या मुलाचा खून त्याच्याच नातेवाइकाने केला होता.

ओदेसातल्या ज्यू मंडळींनी तिशीतल्या ब्यालिकला तिथे पाठवलं. काय घडलं ते नोंदवून आण म्हणाले. तो घरोघर गेला, माणसांना बोलतं केलं, वह्याच्या वह्या भरल्या. अहवाल काही लिहिला नाही. लिहिली ती एक लांबलचक कविता, 'कत्तलीच्या शहरात'. झारच्या सेन्सॉरमुळे ती १९०४ मध्ये दुसऱ्याच नावाने छापावी लागली, जुन्या काळातल्या एका कत्तलीचं नाव देऊन.

मला वाटलं होतं की कविता मारणाऱ्यांना शाप देणारी असेल. तसं नाही. कवी सगळ्यात जास्त रागावलाय तो आपल्याच माणसांवर. बायकांवर अत्याचार होत असताना पुरुष लपून बसले, आणि नंतर देवळात जाऊन नेहमीसारखं रडगाणं गात बसले, म्हणून तो त्यांना फाडून खातो. मार खाल्लेल्या माणसांनाच वर चाबूक! वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं.

परिणाम मात्र मोठा झाला. ज्यू तरुण खडबडून जागे झाले, गावोगाव स्वसंरक्षणाची पथकं उभी राहिली. त्यातले कितीतरी पुढे पॅलेस्टाइनला गेले. ब्यालिक स्वतः १९२४ मध्ये तेल अवीवला येऊन राहिला. १९३४ मध्ये व्हिएन्नात वारला, पुरला मात्र तेल अवीवमध्ये. आजही तिकडे त्याला राष्ट्रकवी म्हणतात.

पण एक गोष्ट मनाला टोचली. इतिहासकारांनी नंतर त्याच्या वह्या तपासल्या, तर त्यात प्रतिकार करणाऱ्या माणसांच्याही हकिगती होत्या. काठ्या घेऊन उभे राहिलेले लोक होते. ते कवितेत आले नाहीत. म्हणजे कवीने आपल्या लोकांना जागं केलं खरं, पण त्यांच्यावर थोडा अन्यायही केला. राष्ट्र घडवताना त्याने शरमेचा उपयोग केला, आणि शरम पुरेशी वाटावी म्हणून धैर्य वगळलं.

आता आपल्याकडे येते.

आपला असा कवी कोण, याचा विचार करताना आधी सावरकर आठवले, कुसुमाग्रज आठवले. पण आपल्याच समाजाला आरसा दाखवणारा म्हटलं की माझ्यापुरतं नाव एकच, पांडुरंग सदाशिव साने. थोर कवी म्हणून समीक्षक त्यांचं नाव घेणार नाहीत. 'रडके गुरुजी' म्हणून टिंगलही पुष्कळ झाली. पण मराठी मुलांच्या चार पिढ्यांना देश म्हणजे काय हे त्यांच्या गाण्यांनी आणि 'श्यामची आई'ने जितकं सांगितलं, तितकं इतिहासाच्या पुस्तकाने सांगितलं नसेल. हे मी इतिहास शिकवणारी बाई म्हणून कबूल करते.

जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरच्या शाळेत शिक्षक. तिथल्या छात्रालयात मुलांची अंथरुणं घालण्यापासून सगळं करत. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. मग तुरुंगच तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी भराभर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती त्यामुळे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून झालं. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ माणसांशी ओळख झाली, त्यांची भाषा शिकले, पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' मराठीत आणला. आपल्या देशात आपण एकमेकांच्या भाषेला परके आहोत हे त्यांना तिथे लागलं. 'आंतरभारती'चं स्वप्न तिथलं.

पण मला सांगायचंय ते पंढरपूरबद्दल. स्वातंत्र्य दाराशी आलेलं आणि विठ्ठलाच्या दारात अस्पृश्यांना मज्जाव. चोखोबाची समाधी पायरीशी, आणि चोखोबाच्या माणसांनी त्या पायरीच्या आत यायचं नाही! गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापट बरोबर होते, सेवादलाचं कलापथक होतं. गावोगाव विहिरी आणि देवळं खुली झाली. पंढरपूर मात्र ढिम्म. शेवटी १ मे १९४७ ला गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींना ते उपोषण पसंत नव्हतं, थांबवा म्हणून त्यांनी कळवलंही. गांधीजींना दैवत मानणारा हा माणूस त्या वेळी मात्र आपल्या आतल्या आवाजाला धरून राहिला. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मान्य केलं आणि १० मे ला उपोषण सुटलं.

फरक बघा. ब्यालिकही आपल्याच लोकांवर उठला, गुरुजीही. पण ब्यालिकने बोट लोकांकडे रोखलं. गुरुजींनी ते स्वतःकडे वळवलं. पाप तुमचं आहे असं न म्हणता आपलं आहे म्हणाले, आणि स्वतः उपाशी राहिले. गांधीजींच्या खुनानंतरही तेच. १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं, खून करणारा महाराष्ट्रातला निघाला याचं प्रायश्चित्त म्हणून. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. सगळ्यांचं ओझं एकट्याने उचलायचं, हा मार्ग माणसाला किती जड जातो हेही त्यात आलं. म्हणून मी ब्यालिकला वाईट आणि गुरुजींना चांगलं असं म्हणत नाही. एकाच्या वाटेत दुसऱ्यावर अन्याय होतो, दुसऱ्याच्या वाटेत स्वतःवर.

आमचं पालघर या दोघांना कसं दिसलं असतं, असं मनात येतं. इथला अभिमानाचा दिवस म्हणजे १४ ऑगस्ट. १९४२ साली त्या दिवशी 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. ठाकूर, पागधरे, चुरी, तिवारी, मोरे. आडनावं नुसती वाचलीत तरी कळेल की यात किती जातींची, कुठकुठली माणसं होती. दरवर्षी हुतात्मा स्तंभाशी माणसं जमतात, मीही मुलांना घेऊन जात असे. कवीला इथे कौतुक करायला खूप आहे. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेला तलासरी-डहाणूचा वारली आहे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते लिहून ठेवलंय.

आणि त्याच डहाणू तालुक्यात, गडचिंचले गावाजवळ, १६ एप्रिल २०२० च्या रात्री तीन माणसांना जमावाने ठार मारलं. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. ते अंत्यसंस्कारासाठी सुरतेकडे निघाले होते. लॉकडाऊन नुकतंच लागलेलं. रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, किडन्या काढून नेतात, अशी आवई पाड्यापाड्यांवर उठली होती. पोलीस समोर असताना हे घडलं. शंभरावर माणसं पकडली गेली. मग ज्याने त्याने आपापला रंग त्या घटनेला दिला.

किशिनेव्ह आणि गडचिंचले एक नाहीत, हे मला कळतं. तिथे एका समाजाविरुद्ध वर्षानुवर्षं द्वेष पेरला होता. इथे भीती होती, अंधार होता. पण मुलाबद्दलची अफवा तीच! एकशे सतरा वर्षांत माणसाने काय शिकलं? त्या आठवड्यात मला वाटत होतं की कोणीतरी आम्हाला रागवायला हवं होतं. आमच्यातल्याच कोणीतरी. बाहेरचे ओरडत होते, पण बाहेरच्यांच्या ओरडण्याने माणूस दारं लावून घेतो.

आता माझी एक गोष्ट. ही मी घरातही कोणाला सांगितलेली नाही.

नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. बोईसर भागातली शाळा. एमआयडीसी वाढत होती, अणुकेंद्रामुळे देशभरची माणसं आली होती, वर्गात तमिळ, मल्याळी, भोजपुरी, गुजराती, वारली अशी सगळी मुलं. गुरुजींची आंतरभारतीच जणू, असं मी कौतुकाने म्हणायची. एक दिवस एका मुलीचे सहलीचे पैसे हरवले. वर्गात कुजबूज सुरू झाली, सगळ्यांच्या नजरा पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाकडे. कोणी पाहिलं नव्हतं. पण सगळे म्हणताहेत म्हटल्यावर मी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर त्याची पिशवी ओतली. दोन वह्या, एक पाटी, फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते त्या मुलीच्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडले.

तो मुलगा त्या दिवशी आलाच नाही. चार-पाच दिवसांनी मी पाड्यावर गेले. दिवाळी होऊन गेलेली, घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "भट्टीवर गेली सगली." वीटभट्टीच्या कामाला. कुठल्या भट्टीवर, तिला माहीत नव्हतं. पुढे तो शाळेत परत आला नाही. माझ्यामुळेच, असं मी खात्रीने सांगू शकत नाही. नाही, असंही सांगू शकत नाही.

ज्या सकाळी मी ती पिशवी ओतली, त्या सकाळीही प्रार्थना झाली होती. मीच सांगितली होती.

गडचिंचल्याच्या माणसांना नावं ठेवताना मला ती भाकरी दिसते. अफवेवर विश्वास ठेवायला अंधार लागत नाही, लॉकडाऊन लागत नाही. बी. ए., बी. एड. झालेल्या बाईला भरदिवसा, फळ्यासमोरही ते जमतं.

राष्ट्राची ओळख कवी घडवतात असं म्हणतात. झेंडा, गाणं, अभिमान हे त्यातलं सोपं. त्यापुढचं अवघड काम म्हणजे आपली शरम आपल्याला दाखवणं. ब्यालिकने ते ओरडून केलं, गुरुजींनी रडून. ऐकणाऱ्याने मात्र ते ऐकताना शेजाऱ्याकडे बघून चालत नाही.

असो. फारच लांबलं. भाच्याला पुस्तक परत करायचंय, समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या तशाच राहू दे म्हटलं. मागच्या शाळेत आता घंटा झाली. हल्ली मी प्रार्थना सुरू झाली की कप खाली ठेवते आणि शब्द नीट ऐकते.