पूतनेचे दोन पुतळे : नागपूरची मारबत आणि अद्भुतकथेचे देणे

हाताने बाहुल्या घडवणाऱ्या कलावंताला अद्भुतकथेतून काय मिळते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही. कथेचा प्रभाव कथेवर कसा पडतो, हे आपण तपासतो. कथेचा प्रभाव बांबू, कागद आणि कापड यांवर कसा पडतो, हे मात्र लोककलेच्या किंवा मानववंशशास्त्राच्या खात्यात टाकून मोकळे होतो. या लेखात आम्ही हा प्रश्न नागपूरच्या मारबतीच्या निमित्ताने विचारणार आहोत. मारबत ही घरातल्या कोनाड्यात मावणारी बाहुली नव्हे; ती माणसांच्या डोक्यांवरून जाणारी, एका दिवसापुरती जगणारी आणि अखेरीस जाळली जाणारी महाकाय बाहुली आहे. परंतु कल्पित कथेतून आकार घेणारी हातघडणीची बाहुली म्हणून तिच्याइतके बोलके उदाहरण मराठी मुलखात शोधूनही सापडणे कठीण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर जातात. त्याच दिवशी गावाची इडापिडा, रोगराई, खोकला-पडसे सारे काही मारबतीच्या पदरात घालून तिला शिवेबाहेर घालवून दिले जाते. खेड्यांतून हा विधी साधाच असतो. नागपुरात मात्र त्याला शहरी मिरवणुकीचे रूप आले. परंपरेनुसार काळ्या मारबतीचा आरंभ 1881 सालचा आणि पिवळ्या मारबतीचा 1885 सालचा मानला जातो. काळी इतवारीच्या नेहरू पुतळा परिसरातून निघते. पिवळी जागनाथ बुधवारीतून, तऱ्हाणे तेली समाजाच्या वतीने. दोघींची भेट होते, ती पाहायला जुन्या नागपुरात पाय ठेवायला जागा उरत नाही. सोबत बडगे असतात. हे पुरुषरूपी पुतळे दरवर्षी नव्या विषयावर घडवले जातात : महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल ते. मिरवणुकीच्या शेवटी दहन होते.

मारबत कोण, या प्रश्नाला नागपुरात दोन उत्तरे मिळतात आणि सांगणाऱ्याला त्यांत विसंगती वाटत नाही. पहिले उत्तर : ती पूतना राक्षसी. दुसरे उत्तर : काळी मारबत म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाई, जी इंग्रजांना मिळाली. एक उत्तर पुराणातले, दुसरे एकोणिसाव्या शतकाच्या राजकारणातले. एकाच बाहुलीत ही दोन उत्तरे कशी नांदली, हे समजून घ्यायचे तर आधी पूतनेकडे जावे लागते.

भागवताच्या दशम स्कंधाच्या सहाव्या अध्यायात पूतना येते ती सुंदर स्त्रीच्या रूपात. विषारी स्तनपान देऊन बाळकृष्णाला मारायचा तिचा बेत असतो. कृष्ण दुधासोबत तिचे प्राणही शोषून घेतो आणि मरताना तिचे खरे रूप उघडे पडते. कथानक एवढेच. पण या ठिकाणी ग्रंथकार थांबतो आणि तिच्या पडलेल्या देहाचे वर्णन करतो. सहा कोसांतील झाडे चिरडणारा तो देह : दाढा नांगराच्या दांड्यासारख्या, नाकपुड्या डोंगरातल्या गुहांसारख्या, डोळे अंधाऱ्या विहिरींसारखे, जघन नदीच्या काठासारखे, हातपाय बांधलेल्या बांधांसारखे, पोट आटलेल्या तळ्यासारखे. साहित्याच्या वर्गात आपण याला उपमांची माळ म्हणून पुढे जातो. बाहुली घडवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर मात्र ही मापे आहेत. कुठे पोकळी ठेवायची, कुठे फुगवटा द्यायचा, कोणता अवयव किती ताणायचा, हे सारे तिथे आहे. आणि उपमानेही पाहा : नांगर, विहीर, नदीकाठ, बांध, तळे. राक्षसीचा देह शेतकऱ्याच्या शिवारातून उभा केला आहे. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, नांगर ओढणाऱ्या बैलांच्या सणाला लागून, अशी स्त्री गावातून फिरवावी यात आम्हाला निव्वळ योगायोग दिसत नाही. मारबतीच्या कारागिरांनी दशम स्कंध समोर ठेवून काम केले, असे आमचे म्हणणे नाही. कीर्तनातून, पुराणिकांच्या सांगण्यातून, घरातल्या कृष्णकथांतून पूतनेचा देह लोकांच्या ओळखीचा झाला होता, एवढे पुरेसे आहे.

म्हणजे अद्भुतकथेने कारागिराला गोष्टीपेक्षा देह अधिक दिला. गोष्ट पुतळ्यात मावत नाही. पुतळा काही सांगत नाही, नुसता उभा राहतो. आणि उभा राहिलेला देह रिकामा असतो, त्यात पुढे कोणतीही गोष्ट भरता येते. बाकाबाईचा प्रवेश या वाटेने झाला.

पूतनेच्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण बहुधा विसरतो. तिच्या मृत्यूनंतर व्रजातल्या स्त्रिया बाळाभोवती गायीचे शेपूट फिरवतात, त्याच्या अंगाला गोधूळ लावतात, आणि एकेका बाधेचे, उन्माद-अपस्मारासारख्या व्याधींचे नाव घेऊन ती दूर होवो असे म्हणतात. मारबतीला निरोप देताना रोगांची यादी म्हणण्याची रीत याच जातीची आहे. मग गोप तो प्रचंड देह कुऱ्हाडींनी तोडतात, लांब नेऊन जाळतात. आणि त्या चितेच्या धुराला अगुरूचा सुगंध येतो. कारण विष पाजण्यासाठी का होईना, तिने कृष्णाला स्तन दिला होता. भागवत तिला मातेची गती देते. मारायला आलेली राक्षसी आणि आई, असे दोन्ही अर्थ एकाच देहात ठेवून तो अध्याय संपतो.

नागपूरच्या रस्त्यावर हे दोन अर्थ वेगळे झालेले दिसतात. काळी मारबत ही दुष्टतेची मूर्ती. तिच्यावर राग काढायचा, तिला हाकलायचे. पिवळी मारबत संरक्षक. तिची पूजा होते, लोक तिच्या दर्शनाला येतात, तिला देवीचे रूप मानतात. आमचे वाचन असे की पूतनेची राक्षसी बाजू काळीकडे गेली आणि मातृबाजू पिवळीकडे. दोघींचा शेवट एकच, अग्नी. पण एकीला शिव्या मिळतात, दुसरीला हळदकुंकू. हे वाचन पुराव्याने सिद्ध करता येणारे नाही, हे उघड आहे. तरी दोन पुतळे शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते : मूळ कथेत जे एकत्र होते, ते घडवताना सुटे झाले.

त्याच काळातल्या छापील वाङ्मयाकडे पाहिले तर हीच प्रवृत्ती दिसते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत सुष्ट एका बाजूला, दुष्ट दुसऱ्या बाजूला, आणि मधली जागा जवळजवळ मोकळी. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत आणि नागपूरच्या गल्ल्यांत अद्भुताची हाताळणी काही बाबतींत इतकी जवळची असावी, हे नोंदवण्याजोगे आहे.

आता बाकाबाई. काही ग्रंथांत तिचे नाव बांकाबाई असेही येते. ती दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. रघुजी 1816 च्या मार्चमध्ये वारले. गादीवर आलेला त्यांचा मुलगा परसोजी राज्य चालवण्यास असमर्थ होता. बाकाबाईच्या बाजूच्या मंडळींनी कारभार हाती ठेवण्याचा प्रयत्न केला, पण चुलतभाऊ आप्पासाहेबांनी तो मोडून काढला आणि सत्ता घेतली. नागपूरचा इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला तो मे 1816 मध्ये, आणि तो केला आप्पासाहेबांनी. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजीचा मृत्यू झाला. तो घडवून आणल्याचा ठपका आप्पासाहेबांवरच ठेवला जातो. त्याच वर्षी 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेबांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली आणि ते हरले. या लढाईमुळे लोकस्मृतीत आप्पासाहेब लढवय्ये ठरले. पहिला तह कोणी केला, हे मागे पडले.

जून 1818 मध्ये इंग्रजांनी तिसऱ्या रघुजीला, रघुजी दुसऱ्यांच्या मुलीच्या मुलाला, गादीवर बसवले. तो अज्ञान असताना वाड्याची सूत्रे बाकाबाईकडे होती आणि राज्याचा खरा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सकडे. ती इंग्रजांच्या सोयीची होती, हे नाकारता येत नाही. 1857 मध्येही तिने आपले वजन उठावाच्या विरोधात वापरले. मारबतीने तिच्यावर ठेवलेला आरोप निराधार नाही.

पण या दोन टोकांच्या मधे 1854 आहे. तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. वाड्यातली संपत्ती बाहेर काढली जाऊ लागली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले; भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने 1857 च्या युद्धावरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नोंदवले आहे की वाड्यातले सामान हलवले तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी या वृद्ध बाकाबाईने दिली. सामान तरीही हलवले गेले. 1858 मध्ये ती वारली. त्यानंतर तेवीस वर्षांनी, परंपरा सांगते त्या सालानुसार, काळ्या मारबतीची मिरवणूक सुरू झाली आणि वाड्याला आग लावीन म्हणणारी ही स्त्री शहराच्या स्मृतीत दरवर्षी आगीत जाऊ लागली.

इथे बाहुलीकडे पुन्हा वळावे लागते. पराभवाचा दोष देण्यासाठी शहरापुढे माणसे कमी नव्हती. तह करणारे आप्पासाहेब होते, राज्य गिळणारा डलहौसी होता, जेन्किन्स होता. पण उपलब्ध साचा पूतनेचा होता, आणि पूतना स्त्री आहे. आईचे सोंग घेऊन घरात येणारी, पोसण्याच्या मिषाने मारणारी. अज्ञान राजाच्या वतीने वाडा सांभाळणारी, सावत्र आई आणि आजी असलेली बाकाबाई त्या साच्यात जितकी चपखल बसली, तितका दुसरा कोणी बसला नसता. कथेने दिलेल्या देहाने इतिहासातला चेहरा निवडला. आणि निवडताना देहाची काळी बाजूच तिच्या वाट्याला आली. पूतनेला निदान पिवळी मारबत मिळाली. बाकाबाईसाठी पिवळा पुतळा कोणी घडवला नाही.

यावरून मिरवणुकीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परकी सत्ता डोक्यावर असताना, उघड बोलणे धोक्याचे असताना, लोकांनी आपला संताप एका बाहुलीत भरला आणि शहराच्या भर रस्त्यातून नेला, ही मोठीच गोष्ट आहे. बडग्यांच्या रूपाने ती रीत आजही जिवंत आहे. 2020 साली कोरोनामुळे नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही; ज्या वर्षी रोगराई खरोखर दारात होती, त्याच वर्षी ती न्यायला येणारी वाटेत अडली, याची चुटपुट अनेक नागपूरकरांना लागली असणार. बाहुलीवरची अशी श्रद्धा कोणत्याही कलावंताला हेवा वाटावा अशी आहे.

प्रश्न वाचकांचा, विशेषतः वाङ्मयाच्या अभ्यासकांचा आहे. पुतळा जळला की राख उरते आणि पुढच्या वर्षी नवा पुतळा बांधला जातो, त्यामुळे त्याने केलेली निवड कधी तपासली जात नाही. कागदावरची कथा मात्र मागे उलटून वाचता येते. भागवतातल्या त्या अध्यायात चितेचा धूर सुगंधी आहे. कारागिराने त्या कथेतून दाढा घेतल्या, डोळे घेतले, आटलेल्या तळ्यासारखे पोट घेतले. धूर बांबूने बांधता येत नाही, म्हणून तो कथेतच राहिला. काळ्या मारबतीचा इतिहास शिकवताना 1816 च्या तहावर कोणाचे नाव होते आणि 1854 मध्ये वाड्यात कोण काय म्हणाले, हे दोन तपशील विद्यार्थ्यांसमोर ठेवले तर तो धूर थोडाबहुत वर्गापर्यंत येईल, असे आम्हाला वाटते.