टिन व्हिसल : किंमत व गुणवत्ता यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वाद्य जितके महाग तितके चांगले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. आयर्लंड व ब्रिटनच्या लोकसंगीतातील टिन व्हिसल या वाद्याचा इतिहास मात्र हे गृहीतक तपासून पाहावयास लावतो. सहा छिद्रांचे आणि सुमारे दोन सप्तकांचे हे वाद्य आडव्या बासरीप्रमाणे नव्हे, तर अलगुजाप्रमाणे उभे धरून वाजवितात. मुखभागातील अरुंद वाटेने गेलेला श्वास पुढील धारदार कडेवर आदळतो व ध्वनी निर्माण होतो. वाद्याचा कस प्रामुख्याने या वाटेच्या व कडेच्या घडणीत असतो; नळी कोणत्या धातूची, हा प्रश्न त्या मानाने गौण ठरतो.

स्वस्त वाद्याचा उदय

हाडाच्या व लाकडाच्या अशा बासऱ्या युरोपात मध्ययुगापासून होत्या. १९ व्या शतकात ब्रिटनमध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा मुबलक झाला. सफोक परगण्यातील शेतमजूर रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये अशा पत्र्यापासून व्हिसल बनविण्यास प्रारंभ केला व पुढे मँचेस्टर परिसरात आपला व्यवसाय उभा केला. गुंडाळलेल्या पत्र्याची निमुळती नळी आणि लाकडाचा गट्टू एवढेच तिचे साहित्य होते. ‘पेनी व्हिसल’ हे रूढ नाव तिच्या स्वस्ताईचीच साक्ष देते. श्रमिकांच्या व मुलांच्या हाती वाद्य आले ते या स्वस्ताईमुळेच.

पुढे ‘जनरेशन’ सारख्या व्हिसलमध्ये पितळेची सरळ नळी व प्लॅस्टिकचा मुखभाग आला. साच्यातून निघालेले हे मुखभाग एकसारखे नसत. त्यामुळे अनेक नग वाजवून त्यांतून एक निवडणे, मुखभागाच्या आतील पोकळी मेणासारख्या पदार्थाने भरून स्वर स्थिर करणे, असे उपाय वादकांनी रूढ केले. १९५० च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय मुलांनी याच स्वस्त वाद्यातून ‘क्वेला’ ही शैली घडविली. स्पोक्स माशियाने हे तिचे विख्यात वादक होत.

महागड्या वाद्याचे प्रयोजन

१९७१ मध्ये आयरिश वादक फिनबार फ्युरी यांच्या मोडलेल्या भारतीय बांबूच्या बासरीला पर्याय म्हणून इंग्लंडमधील बर्नार्ड ओव्हरटन यांनी धातूची, खर्जातील ‘लो व्हिसल’ तयार केली. यानंतरच्या काळात अनेक कारागिरांनी हाताने घडविलेल्या व्हिसल पुढे आणल्या. अन्य वाद्यांशी स्वर जुळविण्यासाठी सरकता जोड, दोन्ही सप्तकांतील अचूक सुरेलपणा व मंचाला पुरेसा आवाज या गरजा त्यांनी भागविल्या. येथे किंमत वाढली ती कारागिराच्या वेळेमुळे व अचूकतेमुळे. परंतु ही विद्या महागड्या वाद्यापुरती मर्यादित राहिली नाही. अमेरिकन कारागीर मायकेल कोपलंड यांच्या साहाय्याने क्लार्क कंपनीने ‘स्वीटोन’ ही अल्पमोली व्हिसल सिद्ध केली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अधिक किंमत प्रत्येक नगाच्या एकसारखेपणाची व स्वर जुळविण्याच्या सोयीची बऱ्याच अंशी हमी देते. संगीताच्या दर्जाची हमी मात्र देत नाही. नवशिक्याने प्रथम पारखून घेतलेली स्वस्त व्हिसल वापरावी व मंचावरील गरज निर्माण झाल्यावरच महागड्या वाद्याकडे वळावे, हे या इतिहासाशी सुसंगत ठरते. महागडे वाद्य आल्यानंतरही स्वस्त वाद्य लोप पावले नाही, ही बाब येथे विशेष लक्षणीय होय.