मुक्ताबाईचा निबंध

आज मी तुम्हाला शाळेतल्या एका मुलीच्या निबंधाची गोष्ट सांगणार आहे. निबंध १८५५ सालचा आहे. पण आधी यंदाच्या एका निबंधाबद्दल बोलते, कारण त्याच्यावरूनच हा विषय निघाला.

आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी सातवीत आहे. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोर आजीपाशी राहते. श्रावणात शाळेत निबंध होता, 'माझी आई'. आईला वाचता येत नाही, म्हणून तिनं ती वही गटाच्या बैठकीला आणली आणि मला वाचायला दिली. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही, पैकीच्या पैकी मार्क. मी मोठ्यानं वाचलं. माझी आई रोज पहाटे उठते, देवपूजा करते, मला गरम डबा देते, रात्री झोपताना गोष्ट सांगते. ती बाई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, ही कुणाची आई हो?"

निबंध गाईडमधला होता. मुलीला विचारलं तेव्हा कळलं, वर्गातल्या कितीतरी वह्यांत हीच आई आहे. मी मुलीला दोष देत नाही. मास्तरांनाही फार देत नाही, वह्यांचा गठ्ठा तपासताना स्वच्छ वही डोळ्यांना बरी वाटणारच. आणि ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

पूर्वी पंतोजींच्या शाळा असत. मुलं आधी धुळीवर बोटानं अक्षरं काढत, मग हातात बोरू येई. मोडी लिहिणं, हिशेब, पावकी-निमकी पाठ करणं, पत्राचे मायने शिकणं, एवढं आलं की पोरगं शिकलं. पंतोजी कित्ता घालून देई आणि पोरानं तो गिरवायचा. आपण आजही म्हणतो ना, अमक्याचा कित्ता गिरव, ते तिथूनच आलं. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लिहिण्यावर आहे. अक्षर सारखं, वाटोळं, सुटं कसं काढावं, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, हे समर्थांनी त्यात बारकाईनं सांगितलं आहे. छापखाने नव्हते, पोथ्या हातानं उतरवायच्या, तेव्हा तो सल्ला खराच मोलाचा होता. पण पोथी उतरवणाऱ्याला काय लिहावं हा प्रश्न नसतो. ते दुसऱ्या कुणी आधीच लिहिलेलं असतं. आपल्या लेकीनंही पोथीच उतरवली होती, एवढंच.

आता पुण्यात चला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी आणखी शाळा काढल्या, ज्यांना गाव शिवत नव्हतं त्यांच्या मुलांसाठीही काढल्या. फुल्यांच्या शाळेत मुक्ताबाई साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिनं एक निबंध लिहिला, 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. ज्ञानोदय नावाच्या पत्रानं तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापला. शाळेतल्या पोरीचा निबंध, आणि तो वाचायला आज पावणेदोनशे वर्षांनीही माणसं पुस्तकं उघडतात.

का उघडतात? मी तो दोन-तीनदा वाचला आहे. त्यात मोठे शब्द फार नाहीत. तिच्या निबंधात ठिकाणं आहेत. पेशवाईतले जुलूम सांगताना ती नुसतं 'फार अन्याय होत असे' म्हणून पुढं जात नाही. तालीमखान्यापुढून आपला माणूस गेला तर काय होई, त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानावर चेंडूसारखा खेळ कसा मांडत, ते ती सांगते. पुण्यातल्या माणसाला गुलटेकडी ठाऊक होती. वाचताना तो मनानं त्या मैदानावर उभा राहत असणार, आणि त्याला तोंड फिरवता येत नसणार.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. हे त्या काळी पुरुषांनी लिहिलं नसतं. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, पाऊस-वारा-थंडीत त्या पडून असतात, असं ती लिहिते, आणि वाचणाऱ्याला म्हणते की स्वतःवरून विचार करून बघा. चौदा वर्षांची मुलगी हे लिहिते आहे. वस्तीत तिनं ते पाहिलं असणार. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा फडावरच्या कोपीत बाळंत झालेली आमच्यातली एकजण पदरानं डोळे पुसत होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात हुशारीची वाटते. वरच्या जातीतल्या पोरांनी दगड मारले, रक्त निघालं, तरी आमचे लोक तक्रार करत नाहीत, असं ती सांगते. का करत नाहीत? कारण उष्टं मागायला त्याच दारात जावं लागतं. बघा, नुसतं दुःख सांगून ती थांबत नाही, त्या दुःखाची गाठ कुठं बसली आहे ते दाखवते. हे शिकवायला जे मास्तर बसतात त्यांनाही पुष्कळदा जमत नाही.

आणि ती प्रश्न विचारते. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवालाच विचारते. सहज आठवलं म्हणून सांगते, तेव्हा मराठीत प्रश्नचिन्हसुद्धा नवीनच होतं. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली, मेजर कँडी नावाच्या साहेबानं त्यांच्यावर छोटं पुस्तक लिहिलं होतं. मोडीत तर शब्दाला शब्द लागलेला असे. चिन्हं साहेबानं आणली खरी, पण प्रश्न आमच्या मुक्ताबाईचे होते. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून सांगते की शिका, अज्ञान घालवा. म्हणजे कुणाशी बोलतो आहोत हे तिला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं.

तिच्या शाळा ज्यांनी चालवल्या त्या सावित्रीबाईंचंही लिहिणं असंच. १८६८ साली माहेरच्या नायगावाहून त्यांनी जोतीरावांना पत्र पाठवलं. वरचा मायना जुन्या वळणाचा, अदबीचा. खालचा मजकूर मात्र स्वतः अनुभवलेला. एक ब्राह्मण मुलगा आणि एक महार मुलगी यांचं प्रेम जमलं, गाव त्यांना मारायला निघालं आणि आपण मध्ये पडून ते कसं थांबवलं, हे त्यांनी नावानिशी लिहिलं आहे.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं तेव्हा ती बाई म्हणाली, "ते थोर लोक, आमची पोर काय लिहिणार? आणि मला तर वाचताही येत नाही." मी म्हटलं, तुला ऐकता येतं ना? पोरीला मोठ्यानं वाचायला लाव. जिथं तुला चित्र दिसणार नाही तिथं थांबव आणि विचार, कुठं? कोण होतं? मग ती काय म्हणाली? शुद्धलेखन मास्तर बघतील. त्यालाही किंमत आहे, नाही असं मी म्हणत नाही, चुकीच्या अर्जाचं काय होतं ते आपण कचेरीत बघतोच. पण खरं-खोटं आईला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही.

पुढच्या बैठकीला मायलेकी दोघी आल्या. पोरगी म्हणाली, निबंध परत लिहिलाय, मार्कासाठी नाही, असाच. तिनं वाचायला सुरुवात केली. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. आई त्यात भांडी, गोधड्या आणि कोंबड्यांची पाटी ठेवते. निघायच्या आधी मला पुढ्यात घेऊन डोक्याला भरपूर तेल लावते आणि वेण्या इतक्या घट्ट घालते की दोन दिवस सोडाव्या लागत नाहीत.

"तीन दिवस," आई मधेच म्हणाली. "मागच्या साली आजीनं फोनवर सांगितलं होतं, तीन दिवस तू कुणाला हात लावू दिला नाहीस."

पोरीनं पेन काढलं, 'दोन' खोडलं आणि वर 'तीन' लिहिलं.