गोदावरीच्या पावसाची सागरी नोंद

नाशिकला समुद्र नाही. परंतु नाशिकच्या पावसाचा हजारो वर्षांचा हिशेब समुद्राच्या तळाशी जमा आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनची काळी माती आणि पालापाचोळा ती सोबत नेते व मुखासमोर तळाशी टाकते. तिने किती गोडे पाणी आणले, याची नोंद मात्र फोरॅमिनिफेरा हे सागरी सूक्ष्मजीव ठेवतात.

हे जीव एकपेशीय असून बहुतेकांचा आकार मिलिमीटरहूनही लहान असतो. त्यांच्या अनेक जाती सागरजलातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन कवच बांधतात. जीव मेला की कवच गाळात गाडले जाते आणि थरावर थर साचत जातो. या कवचात ऑक्सिजनचे हलके व जड असे दोन्ही अणू असतात. नदीच्या पाण्यात जड अणूंचे प्रमाण समुद्रापेक्षा कमी असते. त्यामुळे गोदावरी दुथडी वाहत होती त्या काळातील कवचे ‘हलकी’ निघतात. पाणी थंड झाले तरी कवचातील जड अणू वाढतात. म्हणून केवळ एका मोजमापावर विसंबून चालत नाही. कवचाची ठेवणही उपयोगी पडते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे राजीव निगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवारजवळच्या सागरी गाळातील अशाच कवचांवरून अवर्षणाचे सुमारे ७७ वर्षांचे चक्र १९९५ मध्ये मांडले होते.

गोदावरीच्या बाबतीत योगायोग घडला. २००६ मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट शोधमोहिमेत ‘जॉइडस रिझोल्यूशन’ या जहाजाने नदीच्या मुखासमोरील तळातून गाळाचे उभे स्तंभ काढले. मोहीम इंधनाच्या शोधाची होती; हाती लागला पावसाचा इतिहास. त्यांपैकी एका स्तंभावरील संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. थरांचे वय कवचांच्या रेडिओकार्बन मापनावरून ठरले, तर पानांवरील मेणाच्या अवशेषांवरून खोऱ्यातील वनस्पती ओळखता आल्या. सुमारे ४,००० आणि १,७०० वर्षांपूर्वी, अशा दोन टप्प्यांत, कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती वाढल्या. कवचांनी दाखविले की, गेल्या सुमारे ३,००० वर्षांत समुद्राच्या क्षारतेतील चढउतार तीव्र झाले, म्हणजेच पाऊसमान अधिक बेभरवशाचे बनले. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे केलेल्या उत्खननांतून जे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी उजेडात आले, ते याच कोरड्या पडत चाललेल्या काळातील होत. याच स्तंभावरील २०१७ च्या अभ्यासात या काळात दख्खनच्या मातीची धूप बरीच वाढल्याचे दिसले. हवामानाबरोबरच वाढत्या शेतीकडेही त्याचे कारण जाते.

आजचे बदलही या कवचांवर उमटत आहेत. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाण्याची अल्कता घटते आणि कवच बांधणे कठीण होते. दक्षिण महासागरातील ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडीस’ या जातीची आधुनिक कवचे तळाच्या जुन्या गाळातील कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्क्यांनी हलकी असल्याचे २००९ मध्ये आढळले. हे हलकेपण अणूंचे नव्हे, प्रत्यक्ष वजनाचे.

इकडे गोदावरीचा गाळही आटला आहे. गंगापूर, जायकवाडी आणि त्यापुढच्या धरणांत तो अडकतो. १९७० च्या दशकात नदी समुद्राला जेवढा गाळ देत होती, त्याच्या निम्म्याहून कमी गाळ १९९० च्या दशकात मुखापर्यंत पोहोचत होता.