नांदेडच्या नकाशातला कोळसा

आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करूया. नांदेड जिल्ह्यात कोळशाची खाण आहे का? भूगोलाच्या पेपरात कुणी ‘हो’ लिहिलं, तर मार्क जाणार. पण 1956 ते 1959 एवढ्या काळापुरतं ते उत्तर बरोबर होतं!

आधी जमिनीखालची गोष्ट. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर घेतलं. सुमारे 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम थर आणि मग थेट अतिप्राचीन कठीण खडक. कोळसा नाही. तो मिळतो गोंडवाना खडकांत, म्हणजे आपल्याकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात.

त्याच खोऱ्यात राजुरा आहे. नांदेड, लातूरसारखंच तेही निजामाच्या राज्यात होतं, आदिलाबाद जिल्ह्यात. राजुऱ्याजवळच्या सास्तीला निजामाच्या काळातच कोळसा निघू लागला होता. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आदिलाबाद आंध्रात गेलं, मराठी राजुरा मुंबई राज्यात आलं आणि जोडलं गेलं नांदेडला. मध्ये दुसऱ्या राज्याचा मुलूख, तरी जिल्हा नांदेड! 1959 मध्ये ते चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेलं. 1960 ला राज्य बदललं आणि 1973 ला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं.

आता हिशोब करा. त्या भागातल्या एखाद्या शेतकऱ्याने जागचं न हलता निजाम पाहिला, हैदराबाद राज्य पाहिलं, नांदेड पाहिलं, चांदा पाहिलं, मग सरकारी कंपनी पाहिली. दर वेळी दप्तर दुसऱ्या कचेरीत गेलं. जमीन मात्र तीच राहिली. भूमिगत खाणीचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

कसा, ते सांगतो. खुली खाण डोळ्यांना दिसते. भूमिगत खाणीत वर शेत तसंच असतं, खाली बोगदे काढतात आणि छत धरायला कोळशाचेच खांब ठेवतात. पुढे मागे सरकत सरकत ते खांबही काढतात. तिथे वाळू नीट भरली नाही, तर छत कोसळतं आणि वरची जमीन खचते. काळ्या जमिनीला भेगा पडतात, नाल्याचं पाणी आत जातं, विहिरी आटतात. आणि हे लगेच होईलच असं नाही. खांब न काढताही, उथळ खाणीचं छत वर्षानुवर्षांनी बसू शकतं.

26 ऑगस्ट 2022 ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. वस्तीखाली जुनी, कधीच बंद पडलेली भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली.

मग कायदा कुठे होता? पर्यावरण संरक्षण कायदा आला 1986 ला. मोठ्या खाणींना पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली 1994 ला, जनसुनावणी 1997 ला, आणि सध्याची अधिसूचना 2006 ची. खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्या, त्यासाठी बँकेत वेगळे पैसे ठेवा, हे कोळसा मंत्रालयाने सांगितलं 2009 मध्ये. 2013 च्या सुधारित सूचनांत दर होता खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख रुपये, तोही 2009 च्या भावाने. निजामाच्या वेळच्या खाणी तोवर किती पोखरून झाल्या असतील, याचा विचार करा.

भूमिगत खाणीचा दर कमी, कारण वरची जमीन फारशी उकरली जात नाही. हे कागदावर पटतं. पण एक लाखात भेगा बुजवणं, शेत सपाट करणं, नाला वळवणं एवढं बसलं, तरी वीस-तीस वर्षांनी लक्ष कोण ठेवणार?

माझ्या मते इतिहास इथे एकच गोष्ट शिकवतो. पहिली टोपली वर येण्याआधी जमिनीची उंची, विहिरींची पातळी आणि बोगद्यांचा नकाशा लिहून ठेवायचा. आणि त्या नकाशाची प्रत कंपनीच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे ठेवायची. सातबाऱ्यावर विहीर लिहितात, मग खालचा बोगदा का नाही? कंपनी बदलेल, जिल्हा बदलेल. राजुऱ्याचा तर बदललाच.

आपण मराठवाड्यातले लोक म्हणू, आपला काय संबंध? परळीच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा मराठवाड्यातला नाही, तो बाहेरूनच येतो. आपल्या घरातला दिवा कुणाच्या तरी शेताखालून पेटलेला असतो, एवढं लक्षात ठेवूया.

तुमच्या घरात राजुरा नांदेडात असतानाच्या आठवणी कुणाला असतील तर विचारा आणि जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.